तपासून सही करून पाठवावे

ता. २ मार्च

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार घातलाय असं समज, गेस्ट हाउसच्या खोलीत तेवढी जागा नाही.

फोन न करता पत्र लिहितोय याचं तुला बरंच वाटेल. कारखान्याच्या गेटवर फोन काढून घेतात आणि खोलीवर आलो की रेंज नसते. शिवाय फोनवर माझं बोलणं ऐकू येतं पण कळत नाही, असं तूच म्हणतेस.

काम असं आहे. इथल्या मोटारींच्या कारखान्यात युनियन आणि कंपनी यांच्या वाटाघाटी चालू आहेत आणि मी त्यावर माहितीपट करतोय. टेबलाशी दोन्हीकडचे मिळून अकरा जण बसतात, पण बोलतात दोघंच. कंपनीकडून मॅनेजर, युनियनकडून सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे कुणी वकील नव्हेत, बावीस वर्षं लाइनवर गाड्यांना दरवाजे बसवतायत. दोघांच्या कॉलरला एकेक बारकासा माइक लावलाय, आणि प्रत्येकाचा आवाज वेगळा रेकॉर्ड होतो. तिसरा माइक टेबलावर आहे, तो सगळ्यांचंच ऐकतो.

हे सगळं मला कागदावर हवंय. कोण किती वाजून किती मिनिटांनी काय बोललं, शब्द न् शब्द. त्याशिवाय एडिटिंगला हात घालता येणार नाही. चार-चार साहेबांचं बोलणं एका दमात उतरवून घेणारी स्टेनो आपल्याच घरात असताना बाहेर कुणाला कशाला विचारू? सोबत पेन ड्राइव्ह आहे.

पगाराचं मिटलंय. अडलंय ते लाइनच्या वेगावर. सध्या दर सहासष्ट सेकंदांना एक गाडी प्रत्येक कामगाराच्या पुढ्यातून सरकते. कंपनीला ते साठ सेकंदांवर आणायचंय. युनियन म्हणते एक सेकंदही सोडणार नाही, आणि वर त्यांची बदली माणसाची मागणी आहे. मिटलं नाही तर अठ्ठावीस मार्चपासून संप, अशी नोटीस लागलीय.

एक गोष्ट फार महत्त्वाची. दोन्ही बाजूंना मी लेखी दिलंय की एकाच्या माइकवर जे येईल ते माझ्याकडून दुसऱ्याच्या कानावर जाणार नाही. तेव्हा तूही कुणाजवळ बोलू नकोस. शेजारच्या काकूंजवळही नाही.

तुझा
भुंगा


ता. ७ मार्च

चि. भुंग्यास आशीर्वाद.

पहिली टेप टाइप करून पाठवतेय. तू त्याला पेन ड्राइव्ह म्हण, मी टेपच म्हणणार. एकशे एकोणीस पानं झाली.

शेजारच्या काकूंबद्दल मला शिकवू नकोस. चौतीस वर्षांच्या नोकरीत तीन साहेबांच्या बदल्या, एकाची चौकशी आणि एकाचं दुसरं लग्न मी या हातांनी टाइप केलंय, आणि तुझ्या आतोबांना शेवटपर्यंत त्यातलं एक अक्षर कळलं नाही.

आता कामाचं. पहिला पाऊण तास ही माणसं खिडकी उघडी ठेवायची की लावायची यावर बोलतायत. एकमत होईना म्हणून अर्धी उघडी ठेवली. मला वाटलं होतं की वाटाघाटी म्हणजे टेबलावर मुठी आपटणं. मॅनेजरांना 'म्हणजे' म्हणायची खोड आहे, एका तासात दोनशे चौदा वेळा. ते मी सगळे गाळले. सेक्रेटरींची वाक्यं अर्ध्यात तुटतात, ती पुरी केली. आता दोघंही बरे शिकलेले वाटतात.

आवाजावरून मॅनेजर उंच, किडकिडीत आणि पोटाचा त्रास असलेले असावेत. सेक्रेटरी चांगले धिप्पाड. आवाज गोड आहे, पण माणूस तापट. दर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी 'आता पुरे' म्हणतात, खुर्ची मागे सरकल्याचा आवाज येतो आणि हे चालते होतात. तेही बोलणं रंगात आलेलं असताना. घरी बायकोशी असंच वागतात का, विचार एकदा.

बदली माणूस म्हणजे काय ते कळव. अर्थ कळल्याशिवाय टाइप केलं की माझ्या चुका होतात.

आत्या


ता. १० मार्च

आत्या,

हात जोडतो, काही सुधारू नकोस. 'म्हणजे' सगळेच्या सगळे परत घाल. तुटलेलं वाक्य तुटलेलंच राहू दे. माणसं जशी बोलतात तशीच मला हवीयत.

मॅनेजर बुटके आणि गोल आहेत. सेक्रेटरी उभे राहिले तर तुझ्या खांद्याला लागतील.

आणि ते तापट नाहीत, मुरलेले आहेत. उठून जाणं हा त्यांचा डाव आहे, आत्या. समोरच्याचा मुद्दा ऐन भरात आला की हा माणूस शांतपणे उठतो आणि निघून जातो. मॅनेजरांचं वाक्य हवेतच लोंबकळत राहतं. पाच-सात मिनिटांनी परत येतात तेव्हा चेहऱ्यावर असं काही समाधान असतं की कंपनीकडच्या सगळ्यांची तोंडं उतरतात. दर वेळी मी कॅमेरा त्या दाराकडे नेतो. या डावपेचावर बोलायला दोन अभ्यासकही ठरवलेत. सिनेमाचं नाव 'सभात्याग' ठेवावं असं मनात आहे.

बदली माणूस म्हणजे लाइनवरचा कुणी पाच मिनिटं बाजूला झाला तर त्याच्या जागी उभा राहणारा जादा माणूस. युनियनला दर बारा जणांमागे एक हवाय. कंपनी म्हणते, नुसतं उभं राहायला माणूस कशाला. खरं सांगू का, मुद्दा लहानसा आहे. घासाघीस करायला असे एक-दोन मुद्दे जवळ ठेवावे लागतात. खरी लढाई सेकंदांची.

दुसरी आणि तिसरी टेप सोबत. बघ, मीही टेप म्हणायला लागलो.

भुंगा


ता. १४ मार्च

चि. भुंग्या,

'म्हणजे' परत घातले. सबंध एक दिवस गेला त्यात.

तुझ्या त्या दोन अभ्यासकांना येऊ नका म्हणून कळव. सेक्रेटरी उठून जातात तेव्हा तुझा कॅमेरा दाराशी थांबतो, पण माइक त्यांच्या कॉलरला असतो. तो त्यांच्याबरोबर जातो. हे तुझ्या ध्यानात आलं नाही, त्यांच्याही आलं नाही, आणि इकडे मी कानाला हेडफोन लावून बसलेली. आधी बूट वाजतात, भराभर. मग दार, मग कडी. मग एक सुस्कारा, असा की ऐकणाऱ्यालाही हलकं वाटावं. त्याच्या पुढचं मी ऐकत नाही, टेप पुढे ढकलते, नळ वाजला की परत कान देते. त्या जागी कंसात 'बाहेर गेले' एवढंच टाइप केलंय. स्टेनो कुणाच्या मागोमाग तिथपर्यंत जात नाही.

तर डाव-बिव काही नाही रे. माणसाला लागते.

तिसऱ्या टेपमध्ये हात धुताना ते युनियनच्याच कुणाशी तरी बोलतायत. पान चाळीस. तू वाचलं नसशील म्हणून इथे सांगते. सकाळी सातला लाइनवर उभं राहायचं ते अकराच्या सुट्टीपर्यंत जागा सोडायची नाही, कारण गाडी कुणासाठी थांबत नाही. अगदीच असह्य झालं तर सुपरवायझरला हात दाखवायचा. त्यानं कुणाला पाठवलं तर जायचं. बहुतेक वेळा पाठवायला कुणी नसतंच. म्हणून ही माणसं उठल्यापासून पाणीच पीत नाहीत. सेक्रेटरींनी बावीस वर्षं हे केलं आणि आता डॉक्टरांनी त्यांना सांगितलंय की लागली की जायचं, थांबायचं नाही. म्हणाले, "टेबलावर बसायला लागलो तेव्हा कळलं की वाटेल तेव्हा उठता येतं. म्हणून उठतो." आणि हसले.

मग सीटच्या खात्यातल्या एका बाईंचं निघालं. गेल्या वर्षी त्यांनी हात वर केला, कुणी आलं नाही, पुन्हा केला, कुणी आलं नाही, आणि लाइनवर चारचौघांदेखत व्हायचं ते झालं. दुसऱ्या दिवसापासून त्या कामावर आल्या नाहीत. सेक्रेटरी त्यांच्या घरी गेले तर त्या समोरसुद्धा येईनात. दाराआडून म्हणाल्या, "दादा, माझ्यासाठी नको. पण दुसऱ्या कुणासाठी तरी माणूस मागा."

तू ज्याला लहानसा मुद्दा म्हणतोस तो हा.

आत्या


ता. १७ मार्च

आत्या,

पान चाळीस वाचलं. आधी वाचलं नव्हतं, हे खरंय. वाईट वाटलं. 'सभात्याग' रद्द. त्या दाराचे शॉट मात्र फार सुरेख आले होते.

इथे सगळं फिसकटलंय. काल चार तास बसले आणि शेवटी मॅनेजर साठवर, सेक्रेटरी सहासष्टवर, जिथून निघाले तिथेच. बदली माणसाचं नावही काढू नका, म्हणे. हात न मिळवता उठले. पुढची बैठक पंचवीसला आहे, पण ती नावाला. संप होणार हे आता गेटवरचा पहारेकरीही सांगतो.

मी तयारीला लागलोय. बंद पडलेली लाइन, या टोकापासून त्या टोकापर्यंत चिटपाखरू नाही, गाड्या अर्धवट, एकीला दरवाजे नाहीत, एकीला चाकं नाहीत. बाहेर गेटवर दोन हजार माणसं. ड्रोन सांगून ठेवलाय. सिनेमाला ज्यांनी पाठबळ दिलंय त्यांना कळवलं तर त्यांचं तासाभरात उत्तर आलं, फारच उत्साहात आहेत. परिस्थिती वाईटच आहे म्हणा. पण सिनेमा म्हणून बघितलं तर.

कालची, म्हणजे चौथी टेप सोबत आहे. जरा लवकर कर.

भुंगा


ता. २० मार्च

चि. भुंग्या,

हे पत्र बसून वाच.

माझी पद्धत तुला माहीत नसेल. मी आधी एका माणसाचा आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत टाइप करते, मग दुसऱ्याचा, आणि मग दोन्ही कागद शेजारी ठेवून वेळा जुळवते. चौथ्या टेपचे मॅनेजर काल संपवले, सेक्रेटरी आज सकाळी. जुळवायला बसले आणि एक तास बावन्न मिनिटांवर आले. बघ.

मॅनेजर, १:५२:१० (शेजाऱ्याला, हळू): म्हणजे हे बासष्टवर आले ना, तर बदली माणूस मी यांना आज देऊन टाकीन. म्हणजे बारामागे एक. वर काय सांगायचं ते माझं मी बघेन.

सेक्रेटरी, १:५२:११ (शेजाऱ्याला, हळू): बदली माणूस देतो म्हणाले तर बासष्टला मी मान डोलावतो. पण विचारणार कोण? आपण विचारलं की आपण वाकलो.

एका सेकंदाचं अंतर आहे. दोघंही एकाच वेळी आपापल्या शेजाऱ्याच्या कानाला लागले होते, म्हणून याचं त्याला आणि त्याचं याला ऐकू गेलं नाही. टेबलावरच्या माइकवर तेव्हा नुसत्या कपबशा वाजतायत. मी नऊ वेळा ऐकलं. मग दोघंही घसा खाकरतात, नीट बसतात, आणि एक मोठ्यानं साठ म्हणतो, दुसरा मोठ्यानं सहासष्ट.

अरे, यांचं मिटलंय. मिटून चार दिवस झाले आणि साऱ्या जगात ते फक्त मला माहितीय. माझा सकाळचा चहा ओट्यावर उतू गेला तरी मी उठले नाही. दोन हजार घरांचं काम बंद पडायचं आणि कशासाठी, तर आधी कोण विचारणार यासाठी. तू त्यांच्यात बसलेला आहेस. उठ आणि सांग.

आत्या


ता. २१ मार्च

आत्या,

बसून वाचलं. दोनदा वाचलं.

मला सांगता येणार नाही. लेखी दिलंय, पहिल्याच पत्रात तुला कळवलं होतं. मॅनेजर कुणाच्या कानात काय म्हणाले ते मी सेक्रेटरींना जाऊन सांगितलं तर मी चहाडखोर ठरतो. उद्या कुठलीही युनियन, कुठलीही कंपनी कुणा कॅमेरेवाल्याला दारात उभं करणार नाही. माझं काम बघायचं आहे, मध्ये पडायचं नाही. आणि हे मी तुला समजावून सांगावं? चौतीस वर्षं तूच तोंड शिवून बसली होतीस ना?

यात माझा स्वार्थ काही नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

भुंगा


ता. २३ मार्च

चि. भुंग्या,

आधी तुझ्यावर खूप चिडले. मग लक्षात आलं की तुझं बरोबर आहे. याचं बोलणं त्याला सांगायचं नाही म्हणजे नाही. मीही सांगितलं नसतं.

पण आमच्या खात्यात एक पद्धत होती. साहेब जे बोलले ते टाइप झालं की पहिल्यांदा साहेबांकडेच जायचं. त्यांनी तपासून सही केली की मग फाइलला. माणसाचं बोलणं त्याचं त्यालाच दाखवण्यात कसली आलीय चहाडी? तेव्हा आज सकाळी कुरिअरच्या दुकानात जाऊन मी तीन पाकिटं टाकली. एक मॅनेजरांना, एक सेक्रेटरींना. प्रत्येकात एकच पान, त्यात फक्त त्याच्या स्वतःच्या तोंडचं, दुसऱ्याचा एक शब्दही नाही. वरचा मजकूर दोघांना सारखाच:

'महोदय, आपले दि. १६ मार्चचे बोलणे माहितीपटाकरिता टाइप करण्यात आले आहे. सोबतचे पान आपल्याच आवाजातील आहे. चूक असल्यास दुरुस्त करून, नसल्यास तपासून सही करून पाठवावे. स्टेनोग्राफर (निवृत्त).'

तिसरं पाकीट म्हणजे हे. तुझंही एक पान निघालं. चहाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले तेव्हा टेबलावरचा माइक चालूच होता.

भुंगा, २:२०:४० (कॅमेरामनला): हे मिटलं तर आपण मेलो. संप झाला तर सिनेमा सुटला. होऊ दे बाबा एकदाचा संप.

चूक असल्यास दुरुस्त कर. नसल्यास सही.

आत्या


ता. २५ मार्च

विषय: माझ्याच बोलण्याबाबत

महोदया,

आपले पत्र व सोबतचे पान आज सकाळी मिळाले. सदर विधान निम्नस्वाक्षरीकाराने केले किंवा कसे, याचे निम्नस्वाक्षरीकारास नक्की स्मरण नाही. तथापि आवाज निम्नस्वाक्षरीकाराचा असल्यास विधानही त्याचेच असावे, असे मानून सही केली आहे.

सदर विधान सिनेमात येणार आहे काय, ते कोणाकोणास दिसणार आहे, आणि विशेषतः आज अकरा वाजताच्या बैठकीपूर्वी युनियनच्या लोकांस ते दिसण्याचा संभव आहे काय, हे कृपया उलट टपाली कळवावे.

आता साडेनऊ झाले आहेत. उलट टपाली कळवून उपयोग नाही, हे वरील ओळ लिहून झाल्यावर लक्षात आले.

म्हणजे, बाई, मी काय करू?

आपला विश्वासू,
मॅनेजर


ता. २६ मार्च

माननीय बाई यांस सप्रेम नमस्कार.

मी युनियनचा सेक्रेटरी. मला लिहायची सवय नाही, चुका असतील तर दुरुस्त करून घ्या.

तुमचं पाकीट परवा दुपारी पोचलं तेव्हा मी डबा खात होतो. पान वाचलं आणि घास तोंडातच राहिला. 'आपण विचारलं की आपण वाकलो' हे वाक्य बोलताना फार भारी वाटलं होतं. कागदावर बघितलं तर शेंबड्या पोरांचं भांडण वाटायला लागलं. मग डोक्यात आलं की हे सिनेमात येणार. सगळे बघणार की आपला सेक्रेटरी बासष्टला तयार होता, पण विचारायला लाजला आणि आपल्याला संपावर बसवलं. बायकोला दाखवलं. ती म्हणाली, सिनेमानं सांगायच्या आधी तुम्हीच सांगा. त्याच संध्याकाळी कमिटी बोलावली आणि पान वाचून दाखवलं. शिव्या खाल्ल्या. मग बदली माणसाचा मुद्दा निघाला आणि एकेक करून हात वर आले.

काल अकराला बसलो. मॅनेजरसाहेब छातीवरच्या खिशावर हात ठेवून होते. मला वाटलं यांच्या छातीत दुखतंय. माझाही हात खिशावर होता, त्यामुळे त्यांनाही तसंच वाटलं असणार. दोघांनी एकदमच विचारलं, बरं आहे ना? मी म्हटलं, मला एक बोलायचंय. ते म्हणाले, मलाही. मी म्हटलं, आधी तुम्ही. ते म्हणाले, मागणी युनियनची आहे, आधी तुम्ही. बाई, आधी कोण बोलणार यावर वीस मिनिटं वाटाघाटी झाल्या. आवाज चढले. कुणीतरी म्हणालं, हा मुद्दा लवादाकडे न्यावा. मला मध्ये जरा बाहेर जाऊन यावं लागलं. परत आलो तर मॅनेजरसाहेबांच्या पुढ्यात टेबलावर एक घडी घातलेला कागद होता. मी माझा काढून शेजारी ठेवला. तसाच कागद, तसाच टाइप. त्यांनी माझा उचलला, मी त्यांचा उचलला.

चारच ओळी होत्या, पण ते बराच वेळ वाचत होते. मग चष्मा काढून म्हणाले, "आपण चार तास काय करत होतो हो?"

मी म्हटलं, साहेब, मलाही तेच कळेना.

तुमच्या भाच्याचं सांगतो. कागद उचलायच्या आधी मॅनेजरसाहेबांनी एकदा कॅमेऱ्याकडे बघितलं. आम्ही दोघांनी परवानगी लिहून दिलेली आहे, बंद करायला तो बांधील नव्हता. पण तो उठला, त्यानं आपल्या हातानं कॅमेरा बंद केला, आमच्या कॉलरचे माइक काढून घेतले आणि आपल्या माणसांना घेऊन बाहेर जाऊन उभा राहिला. त्यानंतर मॅनेजरसाहेबांनी मला सीटच्या खात्यातल्या आमच्या एका बाईंचं विचारलं. त्यांना सगळं माहीत होतं, वर्षभर माहीत होतं. त्यांच्या घरी जायची हिंमत होत नव्हती, म्हणाले. आज सकाळी आम्ही दोघं मिळून जाऊन आलो. बाई दाराबाहेर आल्या. एवढंच सांगतो.

आता अडलंय ते करारनामा लिहिण्यावर. आमच्या टायपिस्टवर कंपनीचा विश्वास नाही, त्यांच्या टायपिस्टवर आमचा नाही. मग दोन्हीकडून एकच सूचना आली की ही पानं टाइप करणाऱ्या बाईंनाच बोलवा. तुम्ही उद्या याल का? हे पत्र घेऊन गाडीच पाठवतोय. तिचे दरवाजे मीच बसवलेत, घट्ट लागतात.

पानावर सही केलीय. एक दुरुस्ती आहे. मी 'मान हलवतो' म्हणालो असणार. 'मान डोलावतो' इतकं चांगलं मी बोलत नाही.

आपला,
युनियनचा सेक्रेटरी


ता. २६ मार्च

आत्या,

सही केलीय. चूक काही नाही. 'होऊ दे बाबा' म्हणताना मी हातही जोडले होते, ते माइकवर येत नाही म्हणून कळवतोय.

ते पान मी पंचवीसला सकाळी उघडलं आणि बैठकीत कॅमेऱ्यामागे बसलो. समोर ती दोन माणसं खिशावर हात ठेवून बसलेली. माझाही कागद माझ्या खिशात होता. त्या खोलीत त्या दिवशी मीच एक असा होतो की ज्याला आपला कागद टेबलावर ठेवायला तोंड नव्हतं. मग निदान बाहेर जाता येईल असं वाटलं.

पाठबळवाल्यांना कळवलं की मिटलं. ते म्हणाले, अरेरे.

हे पत्रही सेक्रेटरींच्या गाडीतूनच पाठवतोय. रागावलेली असलीस तरी ये. तुझ्यासाठी पंखा चालणारी खोली मागून घेतलीय.

भुंगा


ता. ८ एप्रिल

चि. भुंग्यास अनेक आशीर्वाद.

घरी सुखरूप पोचले. दरवाजा घट्ट लागतो हे खरं, उघडायला दोन माणसं लागली.

करारनामा झाला तो तुझ्याकडे सगळा आहे, मी कॅमेऱ्याकडे बघते म्हणून तू माझ्यावर ओरडलास तेही असेल. पण करार लागू झाला ती पाच तारखेची सकाळ तुझ्याकडे नाही. ड्रोन आधी सांगून ठेवलेला म्हणून तू तो उडवायला छपरावर गेला होतास. तेव्हा लिहून ठेवते.

सातला लाइन सुरू झाली. मला दरवाज्यांच्या खात्यात एक स्टूल दिलं होतं. बासष्ट सेकंद म्हणजे किती, ते तिथे बसल्यावर कळतं. दार उचलायचं, बिजागऱ्या बसवायच्या, मशिननं स्क्रू पिळायचे, एकदा लावून बघायचं, की पुढची गाडी हजर. आठ गाड्या झाल्या आणि नुसतं बघून माझे खांदे भरून आले. सेक्रेटरी एवढेसे, पण दार असं उचलतात की त्याला वजनच नाही. पलीकडे सीटच्या खात्यात एक बाई काम करत होत्या, त्या दिवशीच परत आलेल्या. मी लांबूनच बघितलं. ओळख करून घ्यायला गेले नाही. मला त्यांची काय गोष्ट माहीत आहे ते त्यांना ठाऊक नसलेलंच बरं.

नऊच्या सुमाराला बदली माणूस आला. कोरा गणवेश, पहिलाच दिवस. सेक्रेटरींनी त्याच्या हातात मशिन दिलं, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि निघाले. मी त्यांची चाल कानांनी ओळखते. त्या दिवशी बूट सावकाश वाजत गेले.

इकडे बदली माणसानं पहिलं दार बसवलं. दुसरंही बसवलं, जरा तिरकं. तिसऱ्याला हातातला स्क्रू निसटला. तो शोधायला गडी वाकला आणि चौथी गाडी त्याच्या डोक्यावरून दाराशिवाय पुढे गेली. पाठोपाठ पाचवी. पुढच्या माणसाचं काम दाराला कडी लावायचं. दारच नाही म्हटल्यावर तो कडी हातात धरून, आता ही कुठे लावू, अशा चेहऱ्यानं माझ्याकडे बघतोय. कुणीतरी वरची दोरी ओढली, घंटा झाली आणि लाइन थांबली. एवढा मोठा कारखाना गप्प झाला. सगळ्यांच्या माना आमच्याकडे.

मॅनेजर धापा टाकत आले. तेवढ्यात पलीकडून सेक्रेटरी रुमालाला हात पुसत आले, घाई न करता.

मॅनेजर म्हणाले, "म्हणजे हा तुमचा बदली माणूस."

सेक्रेटरी म्हणाले, "माणूस तुम्ही दिलात. शिकवून कुठे दिलात? त्याला आठ दिवस शिकायला पाहिजेत."

"दोन."

"आठ."

आणि मग दोघंही एकदम बोलायला लागले. करारात माणसाचा शब्द होता, शिकवण्याचा नव्हता, तो आमच्या तिघांच्याही नजरेतून सुटला होता. मी पिशवीतून वही काढली, त्या दोघांच्या मधोमध स्टूल ओढून घेतलं आणि म्हटलं, एकेक जण बोला, हळू बोला, आणि शेजाऱ्याच्या कानात बोलायचं ते आधी मला सांगा.

पाच दिवसांवर मिटलं. चार मिनिटं लागली. दोघांनी तिथेच गाडीच्या टपावर कागद ठेवून सह्या केल्या. तोपर्यंत बदली माणसाला स्क्रू सापडला होता.

तुझी
आत्या